खिडकीवरचं कांबळं

गेल्या महिन्यात माझे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. फौजेतून हवालदार होऊन परतले, मग चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून राहिले, आणि बाकीचं आयुष्य त्यांनी लोकांना झोपेतून उठवण्यात घालवलं. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या भागातल्या पोरापोरींना ते पहाटे दार ठोठावून उठवायचे आणि मैदानावर पळवायचे. दहाव्याला ती सगळी आली. "अण्णा नसते तर आमी भरतीच झालो नसतो," जो तो म्हणत होता. मी मान डोलवत ऐकून घेत होते आणि आतून संतापत होते.

त्या पोरींत मीही होते. पोलीस भरतीसाठी पळायचे आणि सगळ्यांच्या पुढं असायचे. अण्णा आईला सांगायचे, "हिला वर्दी लई शोभंल बघ." गजराचं घड्याळ आणूया म्हटलं की चिडायचे. "मी हाय की!" म्हणायचे. त्या भरवशावरच भरतीच्या आदल्या रात्री मी निवांत झोपले.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार होता. अजून वेळ आहे म्हणून मी कूस बदलली. मग शाळेच्या रिक्षाचा हॉर्न आणि पोरांचा कालवा ऐकू आला. उठून बघते तर खिडकीवर अण्णांचं फौजेतलं कांबळं. चारी कोपरे गजांना बांधलेले, कुठं उजेडाची फट म्हणून नाही.

अण्णा घरात नव्हते. शेजारच्या पोरीला उठवून, सायकलवर डबलसीट बसवून ते तिला भरतीला घेऊन गेले होते. ती मैदानी चाचणीत पास झाली, हे सांगतच दुपारी आले. मी विचारलं, मला का नाही उठवलं?

"मैंदर्गीचं स्थळ चांगलं हाय. त्यास्नी वर्दीतली पोरगी नको," एवढं बोलून ते जेवायला बसले. आईला सगळं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं न बघता भाकरी वाढली.

पुढची भरती निघायच्या आत माझं लग्न लागलं. नवरा चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण अण्णा तोंडावर नाही म्हणाले असते, तर मी रडले असते, भांडले असते. सीमेवर छाती काढून उभा राहिलेला माणूस स्वतःच्या मुलीला झोपेत गाठतो, हे मला आजही सहन होत नाही.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्या घरी आणलं. एकदा बसवून जाब विचारायचा, असं मनात होतं. आज विचारू, उद्या विचारू म्हणता म्हणता त्यांना काही आठवेनासं झालं. माझं नावसुद्धा. पहाटेची सवय तेवढी राहिली. रोज हाक मारायचे, "ऊठ बाळ, आज भरती हाय. बूट घाल."

एके दिवशी मी वैतागले. "भरती कवाच झाली, अण्णा. मी झोपून ऱ्हायले."

ते धडपडत उठून बसले. डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाले, "आन तुला कुणीच उठवलं न्हाय व्हय गं?"

तेच कांबळं त्यांच्या मांडीवर होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "कुणीच न्हाय."