मुसफ्फातला शूराचा वाटा

मी अबुधाबीत टॉवर क्रेन चालवतो. माझी क्रेन इतकी उंच की केबिनमधून डावीकडे इराण दिसतो, उजवीकडे सौदी, आणि धूळ नसली तर समोर रत्नागिरीचं दीपगृह. खोटं वाटत असेल तर वर चढून बघा, मी काही तुमच्यासोबत येणार नाही. त्या केबिनमध्ये, दोन ओझी उचलण्याच्या मधल्या वेळात, मी सेल्टिक आणि अँग्लो-सॅक्सन या विषयात एम.ए. करत होतो. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाचं, ऑनलाइन. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी आयरिश आणि इंग्रज लोक काय बोलत, काय लिहीत आणि मुख्य म्हणजे एकमेकांना कसे झोडपत, याचा अभ्यास.

फोरमनने माझं पुस्तक उघडून पाहिलं. म्हणाला, "हबीबी, इंग्लिश सीखना है तो नया वाला सीखो. ये तो एक्स्पायर हो गया."

बायकोने फोनवर विचारलं, "त्याने पगार वाढतो का?"

"इन्शाल्ला."

"म्हणजे नाही," ती म्हणाली.

माझा प्रबंध मेजवानीतल्या मारामाऱ्यांवर होता. जुन्या आयरिश गोष्टींत मांस शिजलं की उत्तम तुकडा सगळ्यांत शूर माणसाचा. शूर कोण, ते ठरवायची रीत अशी: एकाने उठून म्हणायचं, वाटा माझा. दुसऱ्याने उठून त्याची अब्रू काढायची. मग तिसऱ्याने दुसऱ्याची. हे चढत चढत जायचं आणि शेवटी कुणाचं तरी मुंडकं ताटात यायचं. इंग्रजांच्या दालनातही बढाया असत, पण तिथे बढाई म्हणजे वचन. आज बोललास, उद्या करून दाखव. या सगळ्यावर माझी तोंडी परीक्षा व्हायची होती. पहिल्या खेपेला मी आपटलो होतो. या खेपेला आपटलो की कोर्स खलास, पुन्हा संधी नाही.

तयारी म्हणून मी या गोष्टी आमच्या मेसमध्ये सांगायला लागलो. मुसफ्फा म्हणजे शहराबाहेरची कारखान्यांची वस्ती, तिथे एका खोलीत आम्ही सहाजण. स्वयंपाक रत्नागिरीकडच्या चाचांचा. त्यांच्या मटणाच्या रश्श्याने शेजारच्या इमारतीचा फायर अलार्म वाजायचा. शुक्रवारी सुट्टी, जुम्म्याची नमाज झाली की मटण, आणि पातेल्यातली मोठी नळी पाळीपाळीने एकेकाला. मूळ गोष्टींत डुक्कर असतं. चाचांच्या पातेल्यापुढे ते नाव कोण काढणार? मी डुकराचा बोकड केला. या गोष्टी उतरवून घेणाऱ्या आयरिश साधूंनीही स्वतःला न पटणारं गुपचूप बदललं होतं, तेव्हा मी फक्त परंपरा चालवली.

गोष्टी भलत्याच रुचल्या. तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी साताऱ्याचा वेल्डर ताट घेऊन उभा राहिला. "पाळीबिळी काय नाय. वाटा माझा!"

मालवणचा स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारा, उठलाच. "तुझो? तुझो वेल्ड इन्स्पेक्टरान बोटान मोडल्यान, मेल्या!"

"आरं, वारा सुटला की पाइपाला मिठी मारून रडतोस तू. नवी नवरीबी एवढी चिकटत न्हाय."

आम्ही लोळून हसलो. चाचा म्हणाले, "यल्ला, खा आता, गार होतंय," आणि नळी वेल्डरला दिली. झालं. पाळी गेली आणि बढाई आली. पुढच्या शुक्रवारी डाव उगारला गेला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी ताट भिंतीवर आपटलं. आमची भिंत एवढी पिवळी झाली की बाहेरून माणसं बिर्याणीचं हॉटेल समजून आत यायची.

परीक्षा नेमकी शुक्रवारी दुपारी आली. मी सगळ्यांच्या पाया पडलो. "परीक्षा होईपर्यंत मुकाट बसा. मटण नंतर." भुकेली माणसं, शिजलेलं मटण आणि बंद खोली. आणि मी सगळ्यांकडे पाठ करून लॅपटॉपसमोर. मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा जो छोटा चौकोन होता, त्यात मागची अख्खी खोली दिसत होती.

परीक्षक बाई वयस्कर, केस पांढरे, आवाज बर्फासारखा. त्यांनी बरंच विचारलं, मी बरंच ठोकलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "या गोष्टींत शेवटची बढाई आणि पहिला घाव यांच्यामध्ये काहीच लिहिलेलं नसतं. तिथे नेमकं काय होतं? तुमचा सगळा प्रबंध या जागेवर उभा आहे, आणि तुम्ही तिथे उडी मारली आहे."

पहिल्या खेपेला मी इथेच आपटलो होतो. मी तोंड उघडलं, आणि मागून मालवणवाल्याचा आवाज आला, वेल्डरकडे बोट करून. "घराक जाणा नाय तो. जातलो कसो? ह्येची जागा थय दुसऱ्यान घेतल्यान!"

पुढचं मी साइटवर असं सांगतो: वेल्डरने पातेलं उचलून फिरवलं, उकळता रस्सा छताला लागला, बंक बेडचे दोन तुकडे झाले, मालवणवाला पडद्यासकट खिडकीतून अर्धा बाहेर गेला आणि दुबई मरीनापर्यंत ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. पातेल्याचं झाकण माझ्या डोक्यात बसलं आणि कीबोर्डावर रक्ताची धार लागली. चाचा मध्ये पडले, त्यांचा हात भाजला. कुणीतरी दाराला आतून कडी घातली, कारण पोलीस आले असते तर सगळे थेट विमानात.

ओरडा थांबला तेव्हा लॅपटॉप चालूच होता. बाई पडद्यावर तशाच बसलेल्या. मी टॉवेल डोक्याला दाबून वर सांगितलं तेच इंग्रजीत सुरू केलं. रस्सा छताला लागला इथवर पोचलो आणि त्यांनी हात वर केला.

"तुम्ही दवाखान्यात जा, परीक्षा पुढे ढकलू."

"नको मॅडम. आत्ताच."

"मग वाढवून नको. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. त्या मधल्या जागेत काय झालं? तुम्ही पाहिलंत."

मी आयुष्यात कधी न वाढवता बोललो नव्हतो. कपाळावरून रक्त भुवईत येत होतं. मागे वेल्डर जमिनीवर बसून तोंडातून रक्त थुंकत होता, त्याचा दात बोटांत धरून बघत होता.

मी म्हणालो, "तो बोलला, तेव्हा आम्ही हसलो. वेल्डरसुद्धा हसला. मग त्याने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीतरी थांब म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. आम्ही सगळे बघत होतो, पुढे काय होतं ते. तेव्हा त्याला मारावंच लागलं."

बाई लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "गोष्टीत ते का लिहिलेलं नसतं?"

"लिहिणारेही त्याच दालनात बसले असणार, मॅडम."

"हे प्रबंधात घाला. याच शब्दांत. तुम्ही उत्तीर्ण आहात. आता कृपा करून दवाखान्यात जा."

मी मागे वळून ओरडलो, "पास झालो!" कुणी टाळी वाजवली नाही. चाचा हात नळाखाली धरून उभे होते. मालवणवाला फडक्याने जमीन पुसत होता. वेल्डरने माझ्याकडे पाहिलं, दात खिशात टाकला आणि चपला शोधायला लागला.