सुरुवातीचा मान

सासरी कॉम्प्युटर माझ्या आधी आला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पुढच्या खोलीत, सासूबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली बसलेला होता आणि घरात त्याला माझ्यापेक्षा जास्त मान होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे त्याला मीच वळण लावलं. त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतकी मी साधीभोळी कधीच नव्हते.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. गुलाब, शेवंती, झेंडू. मुंबईच्या बाजारातले फुलांचे भाव घरबसल्या दिसतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून सासऱ्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला. भाव काही दिसले नाहीत. फुलं टेम्पोनं जात राहिली आणि भाव फोनवरच कळत राहिले. मी मात्र माहेरी असताना डीटीपीचा कोर्स केला होता. मेन रोडजवळच्या एका प्रेसवाल्यानं मला लग्नपत्रिका जुळवायचं, म्हणजे त्यांचा मजकूर टाईप करून मांडायचं काम द्यायचं कबूल केलं होतं. घरी जुळवायच्या, फ्लॉपीवर घालून पोचवायच्या. ते काम मला हवंच होतं. हार ओवण्यात मला कमीपणा नव्हता; पण हार सगळ्याच ओवत होत्या, आणि हे एकट्या मला येत होतं.

सासरे माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, घरची रीतच तशी. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांगा, पाण्याची मोटर बंद कर." मीही उत्तर सासूबाईंनाच द्यायची. असंच एकदा जेवताना ते म्हणाले, "तिला सांगा, कॉम्प्युटरवर जास्त जीव लावू नको. सायखेड्याच्या भावाला शब्द दिलाय. तुळशीचं लग्न झालं की येऊन घेऊन जाईल तो. त्याला खताच्या दुकानात लागतोय, हितं नुसती धूळ खातोय."

तुळशीचं लग्न झालं की माणसांच्या लग्नांना सुरुवात. म्हणजे पत्रिकांचा हंगाम उघडायचा आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर जायचा. पण सासऱ्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी ठरवलं, तोवर जेवढं काम होईल तेवढं करून दाखवायचं.

पण काम व्हावं कसं? तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. वीज यायची, जायची, पुन्हा यायची, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू करावा लागायचा. आणि आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा म्हणजे वरातच निघायची. विंडोज अठ्ठ्याण्णवचा निळा पडदा गेला की आधी गणपती यायचा आणि आरती लागायची. ती सासूबाईंची. मग सासऱ्यांचं पंचांग उघडायचं. मग दिराचा गाण्यांचा प्लेअर, त्यामागून त्याची दर थोड्या वेळानं चित्र बदलणारी भिंत, म्हणजे वॉलपेपर. ह्यांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घातलेली डिक्शनरी. आणि सगळ्यांच्या शेवटी एक हिरवा पोपट पडद्यावर उडत यायचा आणि इंग्रजीत नमस्कार करायचा. तो पोपट घरच्या जावयानं, माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं आणला होता. मी चहा टाकून, पिऊन, कप विसळून यायची तरी पोपट अर्ध्या वाटेवरच असायचा. तो टेकेपर्यंत पुन्हा लाईट जायची.

हे सगळं आपोआप सुरू का होतं? तर आमच्या घरानं कॉम्प्युटरचंसुद्धा लग्नघर करून टाकलं होतं. एकाचं काही सुरुवातीला येतं म्हटल्यावर दुसऱ्याचं का नको? ज्यानं त्यानं दिराला सांगून आपापलं स्टार्टअपमध्ये घालून घेतलं होतं. सुरुवातीला दिसणं हा मान, आणि मानाच्या बाबतीत आमच्याकडे कोणी मागे राहत नाही. दुसरं कुठलं घर असं करील असं मला वाटत नाही. मेकॅनिकला विचारलं तर तो फोनवरूनच म्हणाला, "फॉरमॅट मारून टाकू." म्हणजे सगळंच पुसायचं. मग देव, पंचांग, जावई सगळे एकदम रुसले असते आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं.

मला कोर्समध्ये एक युक्ती शिकवली होती. स्टार्टमध्ये जायचं, रन उघडायचं आणि तिथं 'एमएसकॉन्फिग' असं इंग्रजीत टाईप करायचं. एक खिडकी उघडते. तिच्या स्टार्टअपच्या पानावर सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं आणि नावापुढे बरोबरची खूण. खूण काढली की तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये राहतो, फक्त न बोलावता पुढे येत नाही. पाहिजे तेव्हा उघडावा. कोणाला घराबाहेर काढायचं नाही, नुसतं दारातून बाजूला करायचं.

हे मी सासूबाईंना समजावलं. म्हटलं, "आई, लग्नाला सगळा गाव बोलवतो, पण अंतरपाट धरायला सगळा गाव उभा करतो का?"

त्यांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी माझा गणपती काढ."

मी म्हटलं, "आई, देवाचं राहू द्या."

"काढ म्हणते ना. देव काय कुठं पळून चाललाय? माझा काढला की बाकीच्यांना तोंड उघडायला जागा नाय." अशी राजकारणी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांच्यावर माझा जीव बसला तो त्या दिवसापासून.

मग मी एकेक खूण काढायची, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायची, काही बिघडलं का बघायची आणि मगच पुढची काढायची. नावं नीट कळत नसत. कोण घरचं आणि कोण पाहुणा हे ओळखणं अवघड. एकदा मी एका अनोळखी नावाची खूण काढली आणि जुळवलेली पत्रिका उघडली, तर कीबोर्डवर मराठी उमटेचना. 'चिरंजीव' लिहायला गेले तर पडद्यावर कसलीतरी इंग्रजी खिचडी. मग लक्षात आलं की मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअरच मी बाजूला केलं होतं. त्याची खूण परत लावली, पुन्हा सुरू केलं आणि चिरंजीव जागेवर आले. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामाची दोन-तीन नावं होती, त्यांना मी हात लावला नाही. पोपट सगळ्यात शेवटी काढला. जावयाला कळवलं नाही.

आणि मग तो कॉम्प्युटर सुरू व्हायला लागला! बटण दाबलं, गॅसवर आधण ठेवलं, तोवर हजर. लाईट आली की मी धावत जायची आणि लगेच कामाला लागायची. पत्रिका वेळेवर जाऊ लागल्या. प्रेसवाला म्हणाला, "ताई, अजून देऊ का?" मी म्हटलं, "द्या." कोणालाच न विचारता म्हटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि सायखेड्याचे मामंजी जीप घेऊन आले. मामंजी म्हणजे सासऱ्यांचे मावसभाऊ. सोबत कॉम्प्युटर गुंडाळायला जुनी गोधडीसुद्धा आणली होती. मी तेव्हा पत्रिकाच जुळवत होते. ते ओसरीवर पाणी पीत होते, तेवढ्यात लाईट गेली आणि पडदा काळा झाला. दीर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "वहिनी, लाईट आली की सगळ्या खुणा परत लाव. पोपटासकट. काका बघतील आणि पळत सुटतील."

खरं सांगते, मन डळमळलं. तेवढं केलं असतं तर कॉम्प्युटर नक्की वाचला असता. पण माझ्या हाताखालून गेलेली वस्तू मी परक्यासमोर रडकी करून दाखवू? गेला तर गेला, पण जाईल तो ताठ जाईल. मी दिराला म्हटलं, "नाही लावणार."

लाईट आली. मामंजी आत आले, सासरे त्यांच्या मागून. मी पदर घेतला आणि बटण दाबलं. मामंजी बसायला खुर्ची ओढतात तोवर पडदा तयार.

"आं!" मामंजी म्हणाले. "मागं आलो तवा म्हाताऱ्या बैलासारखा उठत होता. आता लय चपळ हे की! मेकॅनिक कोण गाठला? त्याचा पत्ता दे मला."

सासरे पुढे झाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, प्रेसवाल्यानं नमुन्याला दिलेल्या, बाजूला ठेवलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि मग थेट माझ्याकडे वळले. सासूबाई दारातच होत्या, पण त्यांना मध्ये न घेता म्हणाले, "सूनबाई, हे तू केलं?"

मीही सासूबाईंकडे पाहिलं नाही. "हो. मीच केलं."

सासरे मावसभावाला म्हणाले, "तुला शब्द दिला व्हता, तो मागं घेतो. काय म्हणायचं ते म्हण. तू नवा घे. बसवून द्यायला सूनबाई येईल. पण जीप पाठवायची, यष्टीनं नाय यायची ती."

मामंजी हसले, थोडे हिरमुसले आणि गोधडी काखेत मारून ओसरीवर जाऊन बसले. पाहुण्याला चहा करायचा म्हणून मी सवयीनं उठले.

"तिला उठवू नका," सासरे सासूबाईंना म्हणाले. "तिचं काम चालू हे."

चहा सासूबाईंनी केला. मी पत्रिकेसमोर बसून राहिले. त्या पत्रिकेतलं एकही अक्षर मला दिसत नव्हतं, इतके डोळे भरून आले होते.