गांडुळं निवडणारा हात

शिंप्याच्या बायकोला गांडुळांची किळस होती. नवऱ्यानं मोरीशेजारी गांडुळांसाठी ओल्या मातीचा खोका ठेवला, तेव्हा तिनं बजावलं होतं, "तुमचं हे वळवळतं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर नको!" सुट्टीच्या दिवशी तो डबा भरून नदीवर जायचा आणि संध्याकाळी माशांपेक्षा गप्पाच जास्त आणायचा.

मग त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही. फक्त "हे" एवढा एकच शब्द उरला. मशीनवर चादर पडली. तो दिवसभर कोपऱ्यातल्या गळाच्या काठीकडे बघत पडून राहायचा.

एके दुपारी तिनं तो खोका उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "निवडा. मी जाते नदीवर."

तो बघतच राहिला. मग डाव्या हातानं माती चाळायला लागला. जाडजूड गांडूळ बाजूला सारलं; ते गळावर फाटतं. मरगळलेलं सोडलं. बोट लागताच झटक्यानं आखडलेलं, लालसर, बारीक गांडूळ त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं. "हे."

नदीकाठी तिनं डोळे गच्च मिटून गळ टोचला. शेपटाकडचा भाग मोकळा सोडला, म्हणजे तो पाण्यात हलत राहतो. तळहाताएवढा मासा लागला. तिनं तो घरी आणून दाखवला, तेव्हा शिंपी वाकड्या तोंडानं हसला. आजारपणातलं ते पहिलं हसू. त्यानंतर तिची किळस कुठल्या कुठे पळाली. ती रोज जायला लागली, आणि घरी येऊन मासा कसा ओढत होता ते मीठमिरची लावून सांगायची.

उन्हं तापायला लागली तेव्हा एकदा त्याची बोटं मातीत नुसतीच पडून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं एक गांडूळ दिलं. मेलेलं होतं.

"हे?" त्यानं विचारलं.

"झकास आहे," ती म्हणाली, आणि तेच तिनं गळाला लावलं. काही लागलं नाही. "मोठा होता हो, हातातून सुटला," असं तिनं घरी सांगितलं. त्यानं मान डोलावली. आठवडाभरात तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर ती पुन्हा नदीवर गेली. त्या दिवशी हातभर मासा लागला. ती धापा टाकत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "अहो, ऐकलंत का!"

खाटेवरची गादी गुंडाळलेली होती.

मासा तिनं शेजारणीला देऊन टाकला. एवढा मोठा कसा लागला, हे शेजारणीनं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.