आहुप्याच्या चढावरचा मासेवाला

आमचा सायकलवाल्या मित्रांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी कुणी ना कुणी डोंगरमाथ्यावरचे फोटो टाकतो आणि सोबत हकिगतही लिहितो.

डिंभ्याहून आहुप्याला निघालो त्या दिवशी शेवटच्या चढावर माझा दम संपला. एखादा टेम्पो थांबवायचा, सायकल त्यात टाकायची आणि फोटो मात्र माथ्यावरचा काढायचा, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात तो आला. पन्नाशीचा माणूस, बिनगिअरची जुनी सायकल, कॅरिअरला माशांचा क्रेट. चढ लागताच तो शांतपणे उतरला आणि सीटवर हात ठेवून सायकल ढकलू लागला. माझ्यापाशी येऊन त्यानं चाकामागे दगड लावला, घाम पुसला. दम खाता खाता मी त्याला मोबाईलमधले आधीच्या रविवारचे फोटो दाखवले. त्यानं प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"लई भारी हायेत, भाऊ. पण समदे वरचेच. चढाचा एक बी न्हाई?"

"चढावर उतरावं लागतं हो. त्याचा कसला फोटो?"

"उतरायचं त्यात काय! मी रोज उतरतो. चला, बोलत बोलत जाऊ."

वाटेत कुणाच्या घरी कुठला मासा आवडतो, ते तो सांगत राहिला. एवढं ओझं ढकलूनही त्याला धाप लागली नाही.

संध्याकाळी त्याचा पाठमोरा फोटो ग्रुपवर टाकून मी खाली लिहिलं, 'शेवटचा चढ चालत गेलो.'

थोड्या वेळानं आमच्यातल्या सगळ्यात वेगवान मित्राचा फोन आला.

"त्या चढावर मीपण उतरतो रे," तो म्हणाला. "आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."