गजाननचा ऑक्सिजन

आमची पोस्ट लडाखमध्ये, बर्फात होती. पाच जवान, एक बंकर आणि घासलेटवर जळणारी बुखारी. थंडीत दार उघडायची सोय नव्हती, त्यामुळे शेगडीचा सगळा धूर आम्हीच गिळायचो. सकाळी थुंकी काळी यायची. त्यावर नाईक गजानन बिड्या ओढायचा. तो अल्लीपूरचा, मी वर्ध्याचा. कंपनीत वऱ्हाडी बोलायला आम्ही दोघंच.

एकदा गस्तीवर असताना चढणीत माझा श्वास अडकला. ओठ निळे पडले. गजाननने रेडिओ उचलला.

"एक जवान सीरियस. नीचे ला रहा हूँ. ओव्हर."

"ऑक्सिजन दो. फुल खोलो. ओव्हर."

त्याने सिलिंडर फुल उघडला आणि मला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. मी जगलो तो त्याच्यामुळे.

पेन्शनवर आल्यावर त्याने गावी वांगी-मिरची लावली, मी वर्ध्याजवळ पिपरी मेघे गावात घर बांधलं. काही वर्षांनी त्याला बांधापर्यंतही चालवेना. साधा दमा समजून तो काढे पीत बसला. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला. धुराने श्वासाच्या नळ्या आक्रसल्या होत्या. जुनी हवा पुरती बाहेर जात नव्हती, म्हणून नवीला जागा नव्हती. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी बजावलं, "एकवरच ठेवा. जास्त दिला तर आत खराब वायू साचेल, गुंगी येईल."

दवाखान्याबाहेर येऊन गजानन हसला. "एकवर काय होते बे? पोस्टवर तुले फुल देल्ला, म्हणून उभा हायेस."

"ते पहाडावरचं होतं, गज्या. हे अलग हाये."

"श्वास तं श्वासच असते."

अडेलतट्टू माणूस. पण बटणाला हात लावणार नाही, असं कबूल केलं त्याने.

हिवाळ्यात एका सकाळी त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले. रात्री लई दम लागलता. आता नुसते घोरून राह्यले."

"मशीन कितीवर हाये?"

"पाचवर. त्यायनंच फिरवलं."

"एकवर आणा. मी गाडी घेऊन निघालो."

आम्ही त्याला दवाखान्यात पोहोचवलं, पण तो शुद्धीवर आला नाही. दुपारी गेला.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्या म्हटलं, नका वाढवू. तं म्हणे, याच्यानंच माहा दोस्त वाचला."

मला रडू आवरलं नाही.

युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही, कारण तो गोळीने मेला नाही. मी मात्र शहिदांना सलामी देताना शेवटचं नाव त्याचंच घेतो. नाईक गजानन, अल्लीपूर.