ओला रुमाल

नंदुरबारबाहेर मिरची वाळत घालतात, त्या पथारीवरून माझी शाळेची वाट जायची. तिथे दाताळ्याने मिरची पालटणारा एक माणूस नाकातोंडावर ओला रुमाल बांधायचा, गाठ कानामागे घट्ट. एकदा विचारलं, तर म्हणाला, “कोयसानी सवय शे, सर.”

पूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या वीजकेंद्रात तो वॅगनमधला कोळसा उतरवायचा. जुना संच बंद झाला आणि कंत्राटी माणसं पहिली घरी आली. त्यानंतर दर निवडणुकीत कोणीतरी तो संच पुन्हा चालू करण्याचा शब्द देत आलं.

“मन्हा जोडीदार आजून वाट देखी ऱ्हायनात,” तो म्हणाला. “मी नई देखत.”

यंदा प्रचाराला एक उमेदवार थेट पथारीवर आला. “बंद पडलेला संच सुरू करू, सगळ्यांना परत...” एवढं बोलला आणि मिरचीने त्याला ठसका लागला. देठं खुडणाऱ्या बाया पदराआड हसल्या. हा मात्र हसला नाही. त्याने बादलीत दुसरा रुमाल बुडवला, पिळला आणि पुढे केला.

“तोंड बांधी ल्या, भाऊ.”

उमेदवाराने निमूट बांधला. आता भाषण शक्यच नव्हतं. मग या माणसाने आपलं दाताळंही उमेदवाराच्या हातात दिलं.