साचेवाल्याची शर्यत

माझे एक शेजारी रस्त्यापलीकडून माझ्याशी बोलायचे, ते नुसते ओठ हलवून. आवाज नाहीच. गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काम केलेलं माणूस तुमच्या शेजारी राहत असेल, तर तुम्हीही हा प्रकार पाहिला असेल. शेकडो साचे एकदम चालू असले की कानाशी येऊन ओरडलं तरी काही कळत नाही, म्हणून ही माणसं ओठ वाचायला शिकतात. माझ्या या शेजाऱ्यांनी साच्यांवर पंचवीस वर्षं काढली होती. कान गिरणीच्या त्या खात्यातच गेले. डोळे मात्र असे तयार झाले होते, की पलीकडच्या फुटपाथवर कोण कोणाची उणीदुणी काढतंय ते मला इकडे बसून सांगायचे.

आमची चाळ डिलाईल रोडची. ते तळमजल्यावर, मी दुसऱ्या. मी एका औषध कंपनीत कारकून, म्हणून त्यांनी माझं नाव 'हापिसवाले' ठेवलं होतं. गिरणी कामगारांच्या संपाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं आणि गिरणी पुन्हा चालू होईल असंही आता कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. त्यांची बायको एका खाणावळीला चपात्या लाटून द्यायची. ते सकाळपासून ओट्यावर बसून पाय दाबत असायचे. पाळीभर चार साच्यांमधून येरझाऱ्या घालायची सवय, त्यामुळे बसून पाय दुखतात म्हणायचे. सत्तेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला बसून पाय दुखावेत, याचा मला तेव्हासुद्धा राग यायचा.

त्याच सुमारास माझ्या लघवीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला, जमलं तर धावा. त्रेचाळिसाव्या वर्षी पायजमा खोचून धावणारा माणूस कसा दिसत असेल, विचार करा. पहिल्याच दिवशी नाक्यावरच्या दूधवाल्याने मला अडवून "कोण गेलं?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसायला कारण शोधू लागलो. तिसऱ्या दिवशी मी जिना उतरतोय तोच ते ओट्यावरून उठले आणि काही न विचारता माझ्याबरोबर निघाले, अनवाणीच.

धावणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण सुरुवात केलेल्या वेगानेच ते शेवटपर्यंत जायचे, आणि मी लोअर परळच्या पुलावरच कमरेवर हात ठेवून उभा. "घाय नको, हापिसवाले. सूत तुटतलां," एवढंच म्हणायचे. धाग्याला एकदम हिसका दिला की तो तुटतो, तसंच दमाचं, असं त्यांचं म्हणणं. महालक्ष्मीला रेसच्या मैदानाच्या कडेने आम्ही जायचो तेव्हा आत घोड्यांचाही सराव चाललेला असायचा. एकदा तिथे थांबून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "घोड्यांका धावल्यार चणे गावतत." चणे मिळतात म्हणताना ते हसले नाहीत. मी आपला उगाच हसलो.

मग आमच्या ऑफिसात ती सूचना लागली. आमच्या पर्सोनेल साहेबांना धावण्याचं वेड होतं. कंपनीच्या वर्धापनदिनाला दादरहून वरळीपर्यंत आणि परत अशी शर्यत त्यांनी ठरवली. चाळिशीच्या वरच्यांची वेगळी, आणि तीत बाहेरच्यांनाही भाग घेता येणार होता. शिवडीच्या नव्या वखारीला रखवालदार हवे होते. ज्याला चोरामागे धावता येत नाही तो रखवालदार कसला, असं साहेबांचं मत. त्यामुळे बाहेरच्यांपैकी पहिल्या तिघांना नोकरी, असं त्यांनी फलकावर लिहूनच टाकलं. मी ते कागदावर उतरवून चाळीत आणलं आणि ओट्यावर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि उद्यापासून अर्धा तास लवकर निघू म्हणाले.

पुढचे दोन महिने ते ज्या ईर्ष्येने धावले ते मी विसरणार नाही. मी धावत होतो अंगातली साखर जिरवायला. त्यांच्या अंगात जिरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काळा चहा पिऊन यायचे आणि मी टाळाटाळ करतोय असं दिसलं की वर माझ्या खिडकीकडे बघून ओठांनीच मला शिव्या घालायचे. मला त्या चांगल्या वाचता यायला लागल्या होत्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. सुरुवातीची शिट्टी त्यांना ऐकू येणार नव्हती. ती वाजली की मी त्यांच्या पाठीवर थाप मारायची, असं ठरलं. मग खाली बघत म्हणाले, "कानाचां तेवढां हापिसात बोलू नका." नाही बोलणार म्हटलं. अगदी सहज म्हटलं.

शिट्टी वाजली, मी थाप मारली आणि ते गेले. त्यानंतर मला त्यांची पाठच दिसली, आणि थोड्या वेळाने तीही दिसेनाशी झाली. मी परत दादरला पोचलो तेव्हा माझ्या मागे तिघेच होते, त्यातला एक लंगडत होता. ते मात्र दुसरे आले होते. बक्षीस वगैरे काही नव्हतं, नावं लिहून घेतली आणि उद्या ऑफिसात या म्हणाले. चिठ्ठी हातात घेऊनच बायकोसमोर जायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की निकाल उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशी ते आले, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. तेवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं. समोर यादी होती.

"हा गिरणीवाला तुमच्या ओळखीचा ना? संपातला पुढारी दिसतो. काल मी मागून दोनदा शाबास म्हटलं, ढुंकून पाहिलं नाही. असला माज मला इथे नको."

तुमच्या ओळखीचा ना, एवढंच माझ्या कानात राहिलं. संपवाल्याला कंपनीत आणलं म्हणून उद्या माझ्याच नावावर शेरा बसला असता. मी घाईघाईने म्हणालो, "नाही साहेब, माज नाही. त्यांना ऐकू येत नाही. साच्यांवर कान गेलेत त्यांचे."

साहेबांना हसू आलं. बहिरा रखवालदार, असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी यादीत एक रेघ मारली आणि चौथ्याचं नाव वर घेतलं. मी म्हणू लागलो, की या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं. पण साहेबांनी घंटी वाजवली होती.

मी वळलो. त्या केबिनच्या बाजूच्या भिंतीला वरच्या अर्ध्या भागात काच होती, आणि साहेबांशी बोलताना माझं तोंड तिथून सरळ दिसत होतं. काचेपलीकडे ते बाकावरून उठून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. पुढचं मी सांगायला नको.

मी त्यांची बाजू घेत होतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावलं. ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात मी स्वतःची कातडी वाचवत होतो, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर नक्कीच वाचता आलं असणार. मी बाहेर आलो. तेच म्हणाले, "खरां तांच सांगलात. ऱ्हवांदे." आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली आलो तेव्हा ओटा रिकामा होता. नंतर ते कधीच धावले नाहीत. मीही आठवड्याभरात सोडलं. ते माझगावला गोदीत हमालीला जाऊ लागले. जिन्यात भेटलो की ते बाजूला होऊन मला वाट द्यायचे. कधी एक वाकडा शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तीन वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेले.

मी भेटायला गेलो. बायकोने बसायला चटई टाकली. माझ्यासमोर बसून ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुम्ही खूप केलात ओ त्येंच्यासाठी. रोज पहाटे घेवन जायचात. पण त्येंचोच दम कमी पडलो. पाचवो नंबर इलो, तिघांकाच घेतले, असां सांगल्यानी माका."

म्हणजे तीन वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात हरलेला म्हणून राहिला होता. एकाच चाळीत, माझ्या दोन मजले खाली. ते दुसरे आले होते, हे मी तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मग घेतलं का नाही, हे तिने विचारलंच असतं.

"हो," मी म्हणालो, "थोडक्यात हुकलं."